धर्माची गाय आणि दात का नाय

पुण्यातल्या एका सीए फर्ममध्ये मी ऑफिस सांभाळतो. म्हणजे जे काम कोणाच्याच टेबलावर बसत नाही, ते माझ्या टेबलावर येऊन बसतं: पाण्याचे जार, आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ सीए पोरांच्या रजा, दसऱ्याचा झेंडू, डेडस्टॉक रजिस्टर आणि माळ्याची किल्ली. यात मानाचं म्हणावं असं काहीच नाही, पण किल्लीमुळे ऑफिसात आपल्याला वजन आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माळ्यावर फर्मचा सगळा इतिहास होता. पोटात पिक्चर ट्यूब असलेले, एकट्याने उचलले तर कमरेला पट्टा लावायची वेळ आणणारे मॉनिटर होते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होते. त्यांची करकर रात्री उशिरापर्यंत चालली की रिटर्नची शेवटची तारीख आली, हे खालचा चहावालासुद्धा ओळखायचा. वेगवेगळ्या काळात निवृत्त झालेले सीपीयू होते, पिवळे पडलेले कीबोर्ड होते आणि केबलींचं एक पोतं होतं. त्या पोत्यात हात घातला की हवी ती सोडून कुठलीही केबल निघते. खंडेनवमीला मी शिडी लावून वर जायचो आणि या सगळ्या मंडळींना हळदकुंकू वाहून यायचो. शस्त्र चालत नाही म्हणून पूजा चुकवू नये, असं माझं मत.

"यातलं काही काढायचं का?" असं शिपाईमामांनी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे. "असू दे. लागेल कधीतरी." आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, पण तो दर वेळी उरलेल्या किमतीवर. त्यामुळे किंमत घटत जाते, घटत जाते, आणि शून्यावर काही येत नाही. माझा माळा याच तत्त्वावर चालला होता.

मग २०२५ चा ऑक्टोबर आला. १४ तारखेपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा काढून घेतला. विंडोज ११ घालावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. संगणकांच्या देखभालीला येणारा एएमसीचा मुलगा एकेका टेबलाखाली डोकं घालून बाहेर येई आणि डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरच्या दारात हलवावी तशी मान हलवी. पैसे भरून मुदतवाढ मिळत होती. पण आमच्या सरांनी जन्मभर अशिलांसाठी मुदतवाढ मागितलेली. स्वतः पैसे मोजून मुदतवाढ विकत घ्यायची कल्पना त्यांना सोसेना. नवीन मशिनं आली. जुनी घेऊन मी माळ्यावर गेलो आणि दार पूर्ण उघडेना. आतून प्रिंटर आडवा आला होता.

"बोलवा भंगारवाल्याला," सर म्हणाले.

आदल्या रात्री मी वाचन केलं. एरवी मी वाचत नाही, म्हणून वाचलेलं लगेच डोक्यात जातं. २०२२ या एका वर्षात जगाने ६ कोटी २० लाख टन ई-कचरा केला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे ती २२.३ टक्क्यांची. ई-कचरा करण्यात भारत पहिल्या तिनात. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०१२ सालीच लागू झाले, पुढे २०१६ मध्ये नवे आले, आणि सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून आहेत. एवढी शिदोरी बांधून मी भंगारवाल्यासमोर उभा राहिलो आणि त्याला नियम समजावून सांगितले.

त्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून एक सीपीयू माझ्या डोळ्यांसमोर उलगडला. "हा पत्रा. हे ॲल्युमिनियम. ही तांब्याची वायर. हा बोर्ड. खरा भाव बोर्डाला." मी वीस वर्षं ज्याला हळदकुंकू लावत होतो त्याच्या आत काय असतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. जुन्या मॉनिटरकडे त्याने बघितलंही नाही. "ते नको. मागची तांब्याची कॉइल काढायची आणि काच कुठंतरी टाकायची. काचेला कोण विचारत नाही." ज्या काचेला कोणी विचारत नाही त्या काचेत शिसं असतं, आणि एका मॉनिटरमध्ये ते किलोच्या हिशेबात असतं. हे मला आदल्या रात्रीच कळलेलं असल्यामुळे मी ते त्याला मोठ्या अधिकाराने सांगितलं.

"बोर्ड कुठे जातात?" मी विचारलं.

"वर."

वर म्हणजे स्वर्गात नव्हे, उत्तरेत. दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला, जिथे बोर्ड शेगडीवर भाजून चिप सोडवतात, आणि ॲसिडच्या टबात बुडवून सोनं-तांबं काढतात. काढणाऱ्याच्या हातात मोजे नसतात आणि उरलेलं ॲसिड गटारात जातं. मी भंगारवाल्याला सांगितलं, आम्ही देणार नाही. त्याने सीपीयूचे स्क्रू पुन्हा जागच्या जागी बसवून दिले. (आमच्या एएमसीच्या मुलाला हे आजवर जमलेलं नाही, एक स्क्रू नेहमी उरतो.) जाताना तो म्हणाला, "बघा साहेब. आम्ही नाही नेलं तर माळ्यावरच राहतंय." त्या संपूर्ण दिवसात ऑफिसात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. अर्थात तेव्हा मला ते खोचक वाटलं.

सरांना पटवणं सोपं नव्हतं. मी त्यांना टोकियो ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. जपान्यांनी जुने फोन आणि संगणक लोकांकडून गोळा करून सगळी पदकं त्यातून घडवली. जवळजवळ ७९ हजार टन वस्तू आणि त्यातून ३२ किलो सोनं. म्हणजे आपल्या माळ्यावरही सोनं आहे, असा माझा मुद्दा. सरांनी मामांना माळ्याचं वजन विचारलं. मामा म्हणाले, चारशे किलो धरा. सरांनी कॅल्क्युलेटरही न घेता सांगितलं, "पाव ग्रॅमसुद्धा येत नाही."

तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. "सर, मग दान करू. शाळेला. वर आयकरात ८०जीची सूटही मिळेल."

सीएंनी भरलेल्या खोलीत हे वाक्य बोलायला धैर्य लागतं. ते माझ्याकडे अज्ञानातून आलं होतं. सगळे माना खाली घालून कागद चाळू लागले. शेवटी सगळ्यांत नवी, तीन महिन्यांपूर्वी लागलेली आर्टिकल मुलगी हळूच म्हणाली, "काका, ८०जी पैशाच्या देणगीला मिळते. वस्तू दिली तर नाही."

दानाची कल्पना मात्र सरांना आवडली. फोटो डोळ्यांपुढे आला असावा. मामांचं गाव भोर तालुक्यात, तिथली जिल्हा परिषदेची शाळा ठरली. मी मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "फार चांगलं. चालू आहेत ना? वायरी सगळ्या आहेत? आमच्याकडे लाइट जाते, यूपीएस मिळेल का? बिघडलं तर कोणाला फोन करायचा?" मी प्रत्येक प्रश्नाला "हो हो, बघू बघू" म्हटलं. बाई भारावून बोलतायत असं समजून मी ऐकत होतो; त्या यादी सांगत होत्या.

सामान खाली आणताना ती आर्टिकल मुलगी मध्येच थांबली. "काका, यातला एक तुम्ही स्वतःच्या घरी न्याल का?"

मी तिला सांगितलं की धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात. ती गप्प बसली, पण मला उगाच नचिकेताची गोष्ट आठवली. बापाने यज्ञात दूध आटलेल्या, चारा संपलेल्या म्हाताऱ्या गाई दान द्यायला काढल्या, आणि पोराने विचारलं, मग मला कोणाला देता? बापाने चिडून त्याला यमाला देऊन टाकलं. मी चिडलो नाही. मी तिला टेम्पो ठरवायला पाठवलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि आम्ही निघालो. पुढे टेम्पोत संगणक आणि मी, मागे गाडीत सर आणि फ्लेक्स. शाळेच्या अंगणात सरपंच होते, नारळ होता, रांगेत पोरं होती. फ्लेक्स बांधला तेव्हा त्याच्यामागे शाळेचं नाव झाकलं गेलं. भाषणं झाली. सरांनी डिजिटल भारतावर दहा मिनिटं घेतली. मग बाई म्हणाल्या, "एक चालू करून दाखवता का? मुलं वाट बघतायत."

मी सीपीयू टेबलावर ठेवला, मॉनिटर ठेवला, आणि मागे वाकलो. वायर नव्हती. कुठल्याच सीपीयूला नव्हती. माळ्यावर वस्तू चढवताना तिची वायर काढून पोत्यात टाकायची, ही माझीच जुनी शिस्त. नवीन उतरलेल्या मशिनांनाही मी ती सवयीने लावली होती आणि पोतं पुण्यात होतं.

बाईंनी काही न बोलता कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून शेजारची खोली उघडली. आत आमच्याआधी येऊन गेलेले दानशूर होते. सीपीयूवर सीपीयू, मॉनिटरवर मॉनिटर, प्रत्येकावर ऑइलपेंटने 'यांच्या सौजन्याने'. कोणाचं बँकेचं नाव, कोणाचं मंडळाचं, एकाचा तर वाढदिवस होता. एकही चालू नव्हता. "घेऊन जा म्हणावं तर देणगी आहे, आणि नोंदवहीत चढलेली आहे. निर्लेखन करायचं तर कागद वरपर्यंत जातो. तोवर खोली अडते," बाई म्हणाल्या. तिथे माझ्या लक्षात आलं की माळा फक्त माझ्याकडेच नाही. त्या ढिगातून त्यांनी एक वायर काढून दिली.

वायर आली तर आमच्या मॉनिटरचं तोंड एक आणि सीपीयूचं दुसरं. तेव्हा वर्गातल्या मोठ्या टीव्हीला जोडून बघू, अशी कल्पना शाळेतल्या तरुण गुरुजींनी काढली आणि ते जुळलं. संगणक सुरू झाला. टाळ्या पडल्या. मुलांना अडचण नको म्हणून पासवर्ड मी आधीच काढून टाकला होता, आणि आतल्या सगळ्या फाइली एकेक निवडून डिलीटही केल्या होत्या. पडदा कसा स्वच्छ निळा दिसत होता.

सरपंचांनी सातवीतल्या एका मुलाला पुढे बोलावलं. त्याने माउस हातात घेतला, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली उघडली, सगळं निवडलं आणि उजवं बटण दाबून रिस्टोअर केलं. हे सगळं त्याने एवढ्या वेळात केलं की मला फक्त "अरे" म्हणता आलं. पडदा भरून गेला. तो संगणक सरांच्या केबिनमधला होता. बेचाळीस इंचांवर, सबंध गावाच्या साक्षीने, शेजारी शेजारी दोन फोल्डर उभे राहिले: 'लग्न खर्च – खरा' आणि 'लग्न खर्च – दाखवायचा'.

मुलाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

परतीच्या वाटेवर टेम्पोत संगणकही परत आले आणि सर माझ्याशी बोलले नाहीत. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर त्यांचा फोन आला. त्यांना लग्नाची काळजी नव्हती. बाकीच्या मशिनांत अशिलांची रिटर्न्स, पॅन नंबर, बँकेची खाती होती, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालेला आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भंगारवाला ती मशिनं डिस्कसकट नेणार होता, हे दोघांनाही एकदमच आठवलं असणार. कारण दोघेही फोनवर थोडा वेळ गप्प होतो.

इथून माझा शिकण्याचा काळ सुरू झाला आणि गुरू ती आर्टिकल मुलगी. तिने सांगितलं, डिलीट म्हणजे फाइल बादलीत जाणं. बादली रिकामी केली तरी फक्त 'ही जागा आता मोकळी' अशी नोंद होते, मजकूर डिस्कवर तसाच असतो. झटपट फॉरमॅटही फारसं वेगळं करत नाही. साध्या हार्ड डिस्कवर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहून काढली, की काम झालं. अमेरिकेच्या मानक संस्थेची, निस्टची, मार्गदर्शिका एवढंच सांगते. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त काही तास लागतात. एसएसडी असेल तर तिला स्वतःला पुसून घ्यायची आज्ञा द्यायची, आणि बंद पडलेल्या डिस्कला आज्ञाही ऐकू येत नाही म्हणून तिचा चुरा करायचा.

चुरा हा शब्द मला आवडला. मी दोन बंद डिस्क घेऊन हातोडीसह गच्चीवर गेलो. पहिल्या डिस्कची चकती ॲल्युमिनियमची निघाली. ती वाकली, पण फुटेना. दुसरी लॅपटॉपची होती. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमधली चकती काचेची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती अशी उडाली की वाळत घातलेल्या कुरडया शेजारच्या काकूंनी पुन्हा एकदा निवडल्या आणि नंतर सगळ्याच टाकून दिल्या. डिस्कमधलं लोहचुंबक मी गंमत म्हणून खिशात ठेवलं. ते ऑफिसच्या लोखंडी कपाटाला माझ्या शर्टासकट चिकटलं. मामांनी सोडवलं. "चुंबक फिरवलं असतं तर?" मी विचारलं. "एसएसडीला चुंबकाने काही होत नाही काका," मुलगी म्हणाली, "आणि तुमच्या शर्टाला झालंय."

दरम्यान बाईंचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. रागाचा नव्हता. फोनवर सांगितलेलीच यादी त्यांनी लिहून पाठवली होती: सहा पुरेत, जास्त नकोत, खोलीत तेवढेच प्लग आहेत. मॉनिटर आणि सीपीयू जोडून तपासलेले. यूपीएस. मराठी टाइप करता येईल असं काहीतरी. आणि एक माणूस, ज्याचा फोन लागतो.

मग सगळं सामान खाली फरशीवर मांडलं. विंडोजने नाकारलेली मशिनं आठ-दहा वर्षांची होती, पण तंदुरुस्त होती. त्यांत आठ जीबी रॅम होती. सरांनी पदरचे पैसे घालून नवीन एसएसडी घेतल्या, मुलीने लिनक्स चढवलं, देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून दिला. लिनक्सला टीपीएम लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. आमच्या ऑफिसात ज्याला मरण आलं होतं ते टेबलावर उठून बसलं, आणि चांगलं पळायला लागलं.

माळ्यावरच्यांची गोष्ट वेगळी होती. त्यातली एक आठ मशिनांची खेप मला चांगली आठवते. वर चढवली तेव्हा सगळी चालू होती, कुठल्याही शाळेने आनंदाने नेली असती. आता कपॅसिटर फुगलेले, बोर्डावरची बॅटरी संपून तारीख कुठल्या कुठे गेलेली, आणि त्यात बसेल अशी रॅम मिळेना. वयाने यातला एकही मेला नव्हता. 'लागेल कधीतरी'ने मेले.

ते रीतसर द्यायचं ठरलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्यांची यादी असते. (घरातलं किरकोळ असेल तर पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही ई-कचरा नेते.) मी फोनवर यादीतल्या एका कंपनीच्या माणसाला भारदस्त आवाजात सांगितलं की आम्ही मोठे ग्राहक आहोत आणि नियमाप्रमाणे आमच्यावर जबाबदारी आहे. त्याने विचारलं, किती नग वापरता? नियमातला मोठा ग्राहक व्हायला वर्षात किमान १००० नग लागतात. आमचे, पाण्याचा कूलर धरूनही, साठाच्या वर जाईनात. कायद्याने आम्हाला मोजलंसुद्धा नव्हतं.

तरी गाडी आली. त्यांनी प्रत्येक नग मोजला, वजन केलं, बंद डिस्कचे नंबर उतरवून घेतले आणि चुरा केल्याचा दाखला नंतर पाठवला. काचेचे मॉनिटरही त्यांनी नेले. त्यांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या त्यांनी बाजूला काढल्या. बॅटऱ्यांचे नियम २०२२ पासून वेगळे आहेत, त्या नवी घेताना दुकानदाराकडे परत जातात. सगळं मिळून जी रक्कम आली ती भंगारवाल्याच्या बोलीपेक्षा कमी होती. सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी ती दोनदा वाचली.

डेडस्टॉक रजिस्टर बंद करताना दोन सीपीयू नोंदीपेक्षा जास्त निघाले. जगाचं ऑडिट करणाऱ्या ऑफिसात नग कमी निघाला तर चौकशी होते. जास्त निघाला तर सगळे एकमेकांना चहा विचारतात. भंगारवाल्याला मी पुन्हा बोलावलं, ते लोखंडी रॅक आणि रद्दी न्यायला. रिकामा माळा बघून तो म्हणाला, "आता काय ठेवणार?" मी किल्ली मामांकडे देऊन टाकली आहे.

शाळेत सहा संगणक चालू आहेत. अधूनमधून फोन येतो, तो मुलगी घेते. बाईंना अजून दोन यूपीएस हवेत. तुमच्या ऑफिसात असतील आणि बॅटरी धरत असेल, तर तुमच्या जवळच्या एखाद्या शाळेला आधी फोन करून विचारा, कारण बहुतेक शाळांना तेच हवं असतं. सोबत वायर द्या. फ्लेक्स नेऊ नका.